बारीक माणसाची साखर



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे वाचन-लेखन दोन्ही बंद होतं. ज्यांनी ज्यांनी चौकशी केली त्यांचे आभार. आता चांगलं दिसतंय, भिंतीवरचे डाग पहिल्यांदाच दिसले. असो.

आजचा विषय घरातूनच आला. पुतण्याचा डोंबिवलीहून फोन आला. वय बावन्न, नोकरी बसून, गेली सहा वर्षं शुगरच्या गोळ्या चालू. म्हणाला, "काका, ते आठवड्याला एकदा टोचायचं इंजेक्शन आलंय ना, शुगर पण उतरते आणि पोट पण. सुरू करू का?"

म्हटलं, "मला कशाला विचारतोस? डॉक्टरांना विचार."

"डॉक्टर म्हणतात घरात बोलून ठरवा, खर्चाचं काम आहे. आणि तुम्ही कशाचाही इतिहास काढत बसता, मग याचाही काढा की."

मी मराठी माध्यमाचा बी.ए., जन्म गेला इतिहास आणि मराठी शिकवण्यात. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांबाहेर नोकरी केली नाही. विज्ञानाच्या तासाला मी कधी उभा राहिलो तो फक्त बदली शिक्षक म्हणून. पण पुतण्याची मुलगी फार्मसीला आहे. ती दर रविवारी फोनवर इंग्रजी वाचून दाखवायची, मी वहीत उतरवून घ्यायचो. चूक निघाली तर माझी, बरोबर असेल ते तिचं.

आणि खरं सांगायचं तर मला हा इतिहास काढायचा होताच. कारण याच पुतण्याचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू अण्णा, साखरेनेच गेले.

अण्णा काठीसारखे होते. वजन कधी अठ्ठेचाळीस किलोच्या वर गेलं नाही. टोकावड्याच्या बाजूला आमची भातशेती, चिखलणीपासून झोडणीपर्यंत सगळं स्वतः करायचे. १९८४ च्या उन्हाळ्यात त्यांना तहान लागायला लागली. रात्री चार-चार वेळा उठायचे, तांब्या उशाशी. आम्ही म्हणायचो उन्हाळाच कडक आहे. मग पायाची जखम भरेना. एका डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी अण्णांकडे बघून हसत म्हटलं, "एवढ्या बारीक माणसाला कसली साखर? तो शेठजींचा आजार." लघवी तपासलीच नाही. त्यांना तरी दोष कसा द्यावा, तेव्हा सगळ्यांचीच समजूत तशी होती. पुढे चार महिन्यांनी कल्याणला तपासणी झाली तेव्हा साखर चारशेच्या पुढे होती आणि गोळ्यांनी भागणार नव्हतं. इन्सुलिन सुरू झालं.

काचेची सिरिंज, ती रोज पातेल्यात उकळायची. फ्रिज गावात कुणाकडेच नव्हता, म्हणून बाटली माठाजवळच्या ओल्या वाळूत ठेवायची. अण्णा माळकरी. हे औषध कशातून काढतात ते त्यांना कुणीतरी सांगितलं. तेव्हा आपल्याकडे मिळणारं बरंचसं इन्सुलिन गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं असे. अण्णांनी आठ दिवस सुई घेतली नाही. शेवटी आमच्या आईने त्यांच्यापुढे बसून सांगितलं, "तुझी पोरं लहान आहेत, पाप मला लागू दे." मग घेतली. १९९६ मध्ये गेले, त्याआधी उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता.

तर आता इतिहास.

शरीरातला एक अवयव दुसऱ्या अवयवाला रक्तातून निरोप पाठवतो, हे पहिल्यांदा कळलं १९०२ मध्ये. लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाच्या सगळ्या मज्जातंतू तोडल्या आणि तिथे आम्ल सोडलं. तारच तोडली तर निरोप जाणार कसा? पण स्वादुपिंडाने बरोबर रस सोडला. म्हणजे निरोप तारेने नाही, रक्तातून गेला. १९०५ मध्ये स्टार्लिंगने अशा निरोप्यांना हॉर्मोन हे नाव दिलं. आपल्या पाठ्यपुस्तकात त्याला संप्रेरक म्हणतात. मुलं हा शब्द दहा वेळा चुकीचा लिहायची. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच, की पहिला संप्रेरक सापडला तो आतड्यात. पुढे सत्तर-ऐंशी वर्षं सगळं लक्ष स्वादुपिंडाकडे राहिलं आणि आतडं बिचारं मागे पडलं.

त्याला कारणही तसंच होतं. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडातून इन्सुलिन काढलं. जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा टोचलं गेलं लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला. त्याचं वजन होतं पासष्ट पौंड, म्हणजे तीस किलोसुद्धा नाही. मी हे वाचलं तेव्हा वही बाजूला ठेवली. साखरेच्या आजाराचं जगातलं पहिलं इन्सुलिन ज्याला मिळालं तो हाडांचा सापळा होता! आणि त्यानंतर बासष्ट वर्षांनी आमच्याकडे म्हणत होते, बारीक माणसाला कसली साखर. इन्सुलिनचं पेटंट संशोधकांनी विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं, तेही इथेच नोंदवतो.

पुढची पायरी १९६० च्या सुमाराची. न्यूयॉर्कच्या रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातलं इन्सुलिन मोजायची पद्धत काढली. यालोबाईंना त्यासाठी १९७७ चं नोबेल मिळालं, बर्सन तोवर वारले होते. ही मोजपट्टी हातात आल्यावर १९६४ मध्ये एक गंमत उघड झाली. तेवढीच साखर शिरेतून दिली तर इन्सुलिन थोडं वाढतं, तोंडाने पाजली तर खूपच जास्त वाढतं. म्हणजे घास आतड्यात पोचला की आतडं स्वादुपिंडाला आधीच सांगून ठेवतं, "पाहुणे आलेत, तयारीला लागा."

पण हे सांगणारा निरोप्या कोण? तो सापडला माशात. बोस्टनच्या रुग्णालयात जोएल हॅबेनर हे अँगलरफिश नावाच्या समुद्री माशावर काम करत होते. या माशात संप्रेरक बनवणारा भाग वेगळ्या गाठीसारखा असतो, त्यामुळे काम सोपं पडतं. १९८२ च्या सुमारास त्यांना ग्लुकॅगॉन या जुन्या संप्रेरकाच्या जनुकात त्याच्यासारखाच आणखी एक तुकडा लपलेला दिसला. पुढे सस्तन प्राण्यांतही तो सापडला. त्याचं नाव जीएलपी-१. तुकडा म्हणजे काय, तर पेप्टाइड. अमिनो आम्लांचे मणी एका दोऱ्यात ओवले की जी आखूड माळ होते ती पेप्टाइड. इन्सुलिनमध्ये असे एक्कावन्न मणी, दोन सरांत. जीएलपी-१ मध्ये तीसच.

या माळेतला नेमका कामाचा भाग कोणता हे दाखवण्यात मोठा वाटा स्वेतलाना मोय्सोव्ह या बाईंचा. बोस्टनला त्यांनी ती माळ स्वतः प्रयोगशाळेत ओवली आणि १९८७ मध्ये दाखवून दिलं की तिने स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं. कोपनहेगनला येन्स होल्स्ट यांच्याकडेही त्याच वर्षी तेच दिसलं. पण पेटंटवर बाईंचं नाव नव्हतं, ते घालून घेण्यासाठी त्यांना भांडावं लागलं. पुढे बक्षिसं वाटली गेली तेव्हाही त्या मागेच राहिल्या. अखेर २०२४ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला, हॅबेनर आणि लोट्टे क्नुडसेन यांच्याबरोबर. शाळेत असताना प्रदर्शनाचं सगळं काम मुली करायच्या आणि ढाल घ्यायला मुलगा पुढे व्हायचा, ते आठवलं.

आता हा निरोप्या करतो काय? तीन-चार कामं. रक्तात साखर वाढली असेल तरच स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतो, नसेल तर गप्प बसतो. साखर वाढवणाऱ्या ग्लुकॅगॉनला दाबतो. जठर सावकाश रिकामं होऊ देतो. आणि मेंदूला सांगतो, पुरे झालं, ताट सारा. इतका गुणी निरोप्या, पण आयुष्य दोन मिनिटांचं! रक्तातलं एक एन्झाइम त्याची माळ लगेच तोडून टाकतं. दोन मिनिटं टिकणाऱ्या वस्तूचं औषध कसं करणार?

इथे गोष्टीत सरडा येतो. अमेरिकेच्या ॲरिझोनाच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी प्राणी आहे. दिसायला आपल्या घोरपडीचा चुलत भाऊ वाटेल, पण कूळ वेगळं. वर्षात मोजक्या वेळा खातो आणि चरबी शेपटीत साठवतो. यालोबाईंच्याच रुग्णालयात काम केलेले जॉन एंग हे डॉक्टर त्याचं विष तपासत होते. १९९२ मध्ये त्यांनी त्यातलं एक पेप्टाइड जाहीर केलं, एकोणचाळीस मण्यांचं. त्यातले निम्म्याहून थोडे जास्त मणी आपल्या जीएलपी-१ शी जुळतात, त्यामुळे स्वादुपिंड फसतं आणि निरोप घेतं. मात्र ते तोडणारं एन्झाइम फसत नाही की जिंकत नाही, त्याला ती माळ तुटतच नाही. त्याच माळेची कारखान्यात केलेली प्रत २००५ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाली. एक्सेनटाइड. दिवसातून दोनदा टोचायचं.

डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीत लोट्टे क्नुडसेन वेगळ्या वाटेने गेल्या. त्यांनी माणसाचीच माळ घेतली आणि तिला चरबीची एक शेपटी जोडली. ती शेपटी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहते, जशी पोरं बैलगाडीच्या मागे लोंबकळतात तशी. त्यामुळे माळ लवकर तुटत नाही. हे लिराग्लुटाइड, रोज एकदा घ्यायचं, युरोपात २००९ मध्ये आलं. मग शेपटी आणखी सुधारली, एक मणी असा बदलला की एन्झाइमचा दात लागेना, आणि आठवडाभर टिकणारं सेमाग्लुटाइड तयार झालं. २०१७ मध्ये अमेरिकेत ते साखरेसाठी मान्य झालं, २०२१ मध्ये वजनासाठी. आपल्याकडे वजनाचं वेगोव्ही जून २०२५ मध्ये आलं. त्याआधी मार्चमध्ये दुसऱ्या कंपनीचं माउंजारो आलं होतं, ते दोन निरोप्यांची नक्कल एकाच माळेत करतं. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती, म्हणूनच इथल्या कंपन्या केव्हापासून कंबर कसून बसल्या होत्या. पुतण्याचा प्रश्न आला तो त्या गडबडीतच.

गुण खरा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. २०२१ च्या मोठ्या चाचणीत लठ्ठ माणसांचं वजन अडुसष्ट आठवड्यांत सरासरी पंधरा टक्के उतरलं, नुसत्या पाण्याचं इंजेक्शन घेणाऱ्यांचं अडीच टक्केही नाही. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत चढलं. मळमळ, उलट्या हे तर नेहमीचं. आणि उतरतं ते सगळं मेद नसतं, त्यात स्नायूही जातात. हे शेवटचं वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलं, त्याचं कारण पुढे येईलच.

हा झाला लंडन-बोस्टन-कोपनहेगनचा इतिहास. यात आमचे अण्णा कुठे बसतात? त्यांना ताट सार म्हणून सांगायला कुणा निरोप्याची गरज नव्हती, ताटात मुळात काही नसायचं.

अण्णांचं उत्तर मला पुण्यात सापडलं. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी साखरेच्या आजाराचं मूळ आईच्या पोटात शोधायला घेतलं. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भार बायांची त्यांनी नोंद ठेवली, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या डॉक्टर कॅरोलाइन फॉल बरोबर होत्या. या बायांचं गर्भारपणाआधीचं सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आत. मुलं जन्मली ती सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली मुलं बारीक, हे काही नवं नाही. नवं पुढेच आहे. त्यांनी बाळांच्या चामडीची चिमटीत जाडी मोजली. स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण चामडीखालची चरबी मात्र जवळजवळ गोऱ्या बाळांइतकीच! पुण्याच्या नवजात बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिनही जास्त सापडलं. दिसायला काडी आणि आतून मेदाचं, अशी ही बाळं. पोटात असताना कमी अन्न मिळालं की शरीर मेंदू आणि चरबी राखतं, स्नायू आणि स्वादुपिंडात काटकसर करतं. अशा मुलाला पुढे भरपूर खायला मिळालं तर आतलं दुकान ते सांभाळू शकत नाही.

याज्ञिकांचा एक फोटो २००४ च्या 'लॅन्सेट'मध्ये आहे. ते आणि लंडनचे डॉ. युडकिन शेजारी उभे. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं अगदी सारखं, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. नात म्हणाली, आजोबा, हा फोटो आमच्या सरांनीही दाखवला होता.

त्याच गावांतल्या नोंदींतून आणखी दोन गोष्टी निघाल्या. ज्या बाया पालेभाज्या, फळं, दूध जास्त खात त्यांची बाळं मोठी. आणि ज्या शेतात राबत, पाणी वाहत त्यांची बाळं लहान. शहापूर तालुक्यात ज्याने नोकरी केली आहे त्याला हे वाचून काय वाटेल? तानसा, भातसा, मोडकसागर, मुंबईचं पाणी आमच्या अंगणातून जातं आणि मार्च लागला की वाड्या-पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन डोंगर उतरतात. त्यातल्या किती जणी दिवसांतल्या असत, ते आम्ही शिक्षकांनी कधी मोजलं नाही. पोरी वर्गात का नाहीत, एवढंच हजेरीपटावर लिहायचो.

आता अगदी बारीक माणसाच्या साखरेचं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये कुपोषणाशी जोडलेला मधुमेह असा एक वेगळा प्रकार मान्य केला होता. १९९९ मध्ये तो यादीतून काढून टाकला, पुरावा पुरेसा नाही म्हणून. अण्णांना साखर झाली १९८४ ला आणि ते गेले १९९६ ला. म्हणजे त्यांच्या आजारपणाच्या बहुतेक काळात अशा आजाराला कागदोपत्री नाव होतं, आणि ते नाव आम्हाला कुणी सांगितलं नाही! वेल्लोरच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर असे रुग्ण पुन्हा तपासले आणि २०२२ मध्ये दाखवलं की त्यांच्या शरीरात इन्सुलिन मुळात कमी बनतं, बहुतेकांना वाटतं तसं ते वाया जात नाही. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला पाचव्या प्रकारचा मधुमेह म्हणून मान्यता दिली. अण्णांना नक्की तोच होता असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायला तपासण्या लागतात. पण अशा माणसाला भूक मारणारं, स्नायू उतरवणारं इंजेक्शन कुणी केवळ शुगर आहे म्हणून दिलं तर ते त्याच्या मुळावर येईल, एवढं मला समजलं. खेड्यातले सगळेच साखरवाले पोट सुटलेले नसतात. औषध स्वस्त होत तालुक्याला पोचेल तेव्हा ते देणाऱ्याने आधी माणसाकडे बघावं. १९८४ च्या डॉक्टरांनीही अण्णांकडे बघितलं होतं म्हणा, पण फक्त बघितलंच.

पुतण्याची गोष्ट वेगळी आहे. आजीच्या उदरातली उपासमार त्याच्या वडिलांच्या वाट्याला आली, त्याच्या वाट्याला वडापाव आणि लोकलची गर्दी. वजन अठ्ठ्याहत्तर, पोट पुढे. त्याला मी नाही म्हटलं नाही. एवढंच सांगितलं, डॉक्टरांना वडिलांचं सगळं सांग. तुझं स्वतःचं इन्सुलिन किती बनतंय त्याची तपासणी असते, सी-पेप्टाइड म्हणतात, ती करायची का विचार. औषध घेतलंस तर डाळ, अंडी आणि पायांचा व्यायाम सोडू नको. आणि थांबवल्यावर काय, हेही आधीच विचारून ठेव.

गेल्या आठवड्यात तो जाऊन आला. रात्री फोन, "काका, डॉक्टर विचारत होते वडिलांचा जन्म कधीचा, जन्माच्या वेळी वजन किती."

वजन कुठलं, सुईणीकडे काय तराजू होता? जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर आहे, १ जून १९४३. आमच्या वेळच्या निम्म्या मुलांचा जन्म १ जूनचाच. गुरुजींना शाळेत घालायचं वय भरून काढायचं असे, मीही कितीतरी मुलांना ती तारीख दिली आहे. पण आई सांगायची, अण्णा झाले तेव्हा भात कापणीला आलं होतं, दिवाळी आठ दिवसांवर होती, आणि लढाईचं रेशन चालू होतं. म्हणजे सहावा-सातवा महिना बरोबर आवणीत, कणगी रिकामी असताना. तेव्हा आम्ही करांदे आणि कडूकांदे उकडून खाल्ले, हेही ती सांगायची.

पुतण्याला म्हटलं, डॉक्टरांना दाखल्यावरची तारीख देऊ नको. दिवाळीच्या आठ दिवस आधीची लिहायला सांग.